सतरा खुंट्या

रविवार, ९ फेब्रुवारी

चिरंजीव भोपळ्यास,

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे तुला डोकं खाजवत बसायला नको. मी तुझी आजी. तुझ्या आईची आई. नदीच्या वरच्या माळावर दोन खोल्यांत राहते ती. चौथ्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जिने तुला जेवू घातलं, न्हाऊ घातलं आणि दोनदा केसाला धरून नदीबाहेर काढलं, ती. उंचीने कमी, तोंडाने जास्त. आता आठवलं असेल.

सहा वर्षं झाली तुला इथून जाऊन. तुझा विसरभोळेपणा मला नवा नाही. शाळेत जाताना तू एकदा दप्तर विसरलास, एकदा चप्पल विसरलास, आणि एकदा सुट्टी आहे हेच विसरलास. त्या मानाने आजी विसरायला तुला बराच वेळ लागला म्हणायचा.

अक्षर माझं नाही हे तुला कळलंच असेल. माझं अक्षर जगात कुणी पाहिलेलं नाही. लिहिते आहे ती शेजारची मास्तरीण, जिच्या छड्या तू खाल्ल्यास. आता रिटायर झाली, पण लाल पेन अजून जवळ ठेवते. मी बोलायचं आणि तिने जसंच्या तसं लिहायचं असं ठरलं आहे. फक्त शिव्या ती लिहीत नाही. जिथे वाक्य अचानक गुळगुळीत लागेल तिथे समज, मी शिवी दिली होती.

तुझी जीप दर शनिवारी सकाळी येते, रविवारी दुपारी जाते. तिच्यातून दर वेळी तीच चौदा माणसं उतरतात आणि एक पिशवी. माणसं नदीकाठी जातात, पिशवी माझ्या दारात येते. परवाच्या पिशवीत चॉकलेटच्या रंगाच्या विटा होत्या. चढ चढताना खाल्ल्या की ताकद येते म्हणे. मी एक कोंबडीला घातली. तिने दोनदा टोचून पाहिलं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच लाज वाटली. दर वेळी मी पिशवीत तळापर्यंत हात घालते, चिठ्ठी असेल म्हणून. नसते. पिशवी मात्र चांगली असते. मी तिची पायपुसणी केली आहेत.

आता तुझ्या पाहुण्यांबद्दल. कुठून गोळा करतोस रे ही माणसं? नदीकाठी झोपायला मिळावं म्हणून इतक्या लांब येतात, आणि एक बाई कानात बोंडं घालून, त्यात नदीचा आवाज लावून झोपते. खरी नदी दहा पावलांवर. मी विचारलं, "ही नदी नापास झाली का?" तर म्हणते, "आजी, त्या आवाजात लाटा जास्त आहेत."

सूर्य उगवला की टाळ्या वाजवतात. सूर्याने काय, नाटकात काम केलं? मग तुझा तो वाटाड्या त्यांना रांगेने जंगलातून सुळक्यावर नेतो. पाठीवर पोती, हातात दोन दोन काठ्या, डोळ्यांवर काळे चष्मे. जाऊन यायला सहा तास, आणि खाली उतरल्यावर एकमेकांना मिठ्या मारून रडतात. त्या सुळक्यावरून मी तीस वर्षं जळण आणलं. मला कुणी मिठी मारली नाही. मोळी कमी आहे म्हणून तुझा आजोबा कुरकुरायचा, एवढंच.

एका दाढीवाल्याकडे तर दुमडता पलंग आहे. जमिनीशी नातं जोडायला आला आहे आणि जमिनीपासून हातभर उंच झोपतो.

हसून झालं. आता कामाचं ऐक. तंबू तू खालच्या पट्ट्यावर लावतोस. थंडी सरली की खालच्या धरणाचं पाणी मागे हटतं, गाळ उघडा पडतो, त्यावर गवत येतं. हिरवं, सपाट, फोटोत छान. शहरातल्या माणसाला वाटतं, वा, गालिचा अंथरला आहे. तो गालिचा नव्हे, नदीचं अंथरूण आहे. ती जरा उठून गेली आहे, परत येणार आहे. वरच्या धरणाची दारं उघडली की खालचं पाणी तुंबतं, आणि आकाशात चिंधीएवढा ढग नसताना, लख्ख उन्हात, तासाभरात तो पट्टा बुडतो. हे मी तुला का सांगते आहे? हे तर तू मला ओरडून सांगायचास.

तंबू वर घे. वर म्हणजे कुठे ते तुझं तू बघ. पण वर घे.

मास्तरीण विचारते, खाली 'तुझी प्रेमळ आजी' लिहू का? मी म्हटलं, नुसती आजी पुरे. खाली अंगठा माझाच आहे.

आजी


रविवार, २३ फेब्रुवारी

भोपळ्या,

उत्तर आलं नाही. पिशवी आली. या वेळी वाळवलेल्या फळांचे तुकडे होते, इतके वाळलेले की माझे दात परक्यासारखे वाटायला लागले. दातांचं असं आहे की ते तसेही माझे नाहीत.

मी पहिल्या पत्रात गमतीने बोलले, आता रागाने बोलते आहे. माझ्या खुंट्या कुठे आहेत?

कुठल्या खुंट्या, असं मनात सुद्धा म्हणू नकोस. सतरा. पाणी मागे हटलं की दर वर्षी आपण ठोकायचो त्या. पहिली पाण्याच्या काठाला, मग दर चार पावलांवर एक, अशा चढत चढत सतरावी माळाच्या पायथ्याशी. नऊ वर्षांचा होतास, आजोबांची सुरी चोरून प्रत्येक खुंटीवर खाचा पाडल्यास. पहिलीला एक, दुसरीला दोन, सतराव्या खुंटीला सतरा. मी रागावले तर म्हणालास, "आजी, तुला आकडे वाचता येत नाहीत ना, मग बोटाने मोज." तेव्हापासून मी बोटाने मोजते. धुकं असलं तरी चालतं. तिसरी ओली झाली की गुरं वर, पाचवी ओली झाली की आपण वर. तू सकाळी उठून धावत जायचास आणि खालून बोंब मारायचास, "दोन, आजी! अजून दोनच!" सगळ्या खोऱ्याला ऐकू जायचं. दूधवाला तुझ्या बोंबेवर म्हशी हाकायचा.

तू गेल्यावरही मी दर वर्षी ठोकल्या. एकटीने. पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी पाच, आणि चौथ्या दिवशी अंथरुणात.

परवा पाहते तर एकही नाही! भोकं तेवढी शिल्लक. मी खाली गेले. तुझा वाटाड्या चहा ढवळत होता. त्याच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणून मी त्याला शिट्टीवाला म्हणते. खरं नाव त्याने सांगितलं होतं, मी ठेवून घेतलं नाही.

मी म्हटलं, "इथे काठ्या होत्या, बोटभर जाड, खाचा पाडलेल्या."

"हो आजी," म्हणतो, "फार उपयोगी पडल्या. आमच्या लोखंडी खुंट्या या गाळात धरतच नाहीत, वारा आला की उपटतात. या कशा घट्ट बसतात!"

बघते तर काय, माझ्या खुंट्यांना तुझे तंबू बांधलेले. सात तंबू, आणि प्रत्येकाच्या दोऱ्यांना माझ्या दोन दोन, तीन तीन खुंट्या. पाणी कुठवर आलं ते सांगणाऱ्या काठ्या उपटल्या आणि पाण्यात बुडणाऱ्या तंबूंना ठोकल्या! इतकं डोकं चालवायला शिकवणी लावली होती की जन्मतःच आलं?

मी एक उपटायला वाकले तर त्या कानात बोंडंवाल्या बाईने माझा फोटो काढला. "आजी, जशा आहात तशाच राहा," म्हणाली, आणि मग माझा पदर नीट केला, मला दोन पावलं उजेडात सरकवलं आणि हातात झाडू दिला. झाडू त्यांचाच होता. मी त्या झाडूने काय केलं ते मास्तरीण लिहायला तयार नाही.

शिट्टीवाला हात जोडून म्हणाला, "आजी, सरांना विचारल्याशिवाय मला काही हलवता येत नाही." सर म्हणजे तू! मला दोन मिनिटं हसूच आवरेना.

तर सर, खुंट्या परत लावायला सांगा. आणि तंबू वर घ्या.

आजी


रविवार, ९ मार्च

भोपळ्या,

तुझं उत्तर आलं. आनंद झाला. मास्तरणीने पाकीट फोडलं, चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून पुसत बसली. मी म्हटलं, वाच की. तर म्हणते, "काकू, हे पत्र नाही, अर्ज आहे."

टाइप केलेला कागद. 'खाली अंगठा देणार व्यक्ती कबूल करते की ती शिबिराच्या जागेत येऊन पाहुण्यांना त्रास देणार नाही, साहित्याला हात लावणार नाही, आणि काही दुर्घटना झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' खाली चौकोन. चौकोनात अंगठा.

चौदा वर्षं तुझ्या नाकाखालचं पुसलं रे मी. ही व्यक्ती! चौकोनात!

कागद सोबत परत पाठवते आहे. ठसा उमटवला आहे, नीट बघ. अंगठा नाही, कोंबडीचा पाय आहे. तुझ्या अटी तिलाही मान्य नव्हत्या, पण पाय माझ्या हातात होता. शाई अजून निघालेली नाही, अंगणभर तुझ्या कागदपत्रांवर सही करत फिरते आहे.

त्याहून मोठी गोष्ट मला या आठवड्यात कळली. दोन महिने मी म्हणत होते, शनिवार-रविवारी भोंगा का ऐकू येत नाही? वरच्या धरणाचं दार उघडायच्या आधी तासभर भोंगा होतो, गेली चाळीस वर्षं होतो. मला वाटलं, माझे कान गेले. मास्तरणीला विचारलं तर तिलाही ऐकू येत नाही. म्हटलं, दोघी एकदम बहिऱ्या झालो की काय!

मग शिट्टीवाल्याला धरलं. तो गुळमुळीत बोलायला लागला की समजायचं, खरं बोलतो आहे.

"ते काय आहे आजी, पाहुण्यांनी तक्रारी लिहिल्या. इतक्या लांब शांततेसाठी यायचं आणि सकाळी सकाळी भोंगा. ध्यान मोडतं. मग सरांनी धरणाच्या ऑफिसात अर्ज दिला."

"आणि ऑफिसवाले ऐकले?"

"अट घालून ऐकले. शिबिराने आपला माणूस पाण्यावर नजर ठेवायला बसवायचा. पाणी चढलं की त्याने शिट्टी वाजवायची."

"तो माणूस कुठे आहे?"

त्याने गळ्यातली शिट्टी दाखवली.

मी म्हटलं, "अरे, पण ही तर तू चहासाठी वाजवतोस."

"चहासाठी एकदा, नाश्त्यासाठी दोनदा."

"आणि पाण्यासाठी?"

त्याने शिट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "सलग," म्हणाला. "सलग वाजवायची. पण पाहुण्यांना अजून सांगितलं नाही. सर म्हणाले, उगीच घाबरतात."

म्हणजे बघ. चाळीस वर्षांचा भोंगा तू बंद केलास. बोटाने मोजायच्या खुंट्या तुझ्या माणसांनी उपटल्या. आणि त्यांच्या जागी काय ठेवलंस, तर चहाची शिट्टी. पाण्याची भीती वाटते म्हणून अकराव्या वर्षापर्यंत पाठीला भोपळा बांधून पोहणारा तू, आणि चौदा माणसांना नदीच्या अंथरुणात झोपवून त्यांच्या पाठीला काहीच बांधलं नाहीस.

या पत्रात गंमत नाही. मास्तरीण म्हणते की कोंबडीची होती. बरं, तेवढी होती.

आजी


रविवार, १६ मार्च

भोपळ्या,

आज जीप लवकर निघणार आहे, म्हणून थोडक्यात.

उत्तर नाही, पिशवीही नाही. म्हणजे रागावलास. कोंबडीचा राग आला की भोपळ्याचा?

भोपळ्याचाच असणार. सहा वर्षं मी दोघींनाही, म्हणजे मला आणि मास्तरणीला, सांगत आले की तू जागेवरून रागावलास. वरचा माळ तंबूंसाठी मागितलास, मी नाही म्हटलं, तू गेलास. हे खरं आहे. पण अर्धंच.

त्या दिवशी तुझे दोन भागीदार आले होते. नव्या टोप्या घालून अंगणात उभे होते आणि तू त्यांना सांगत होतास की तुला ही नदी लहानपणापासून तळहातासारखी माहीत आहे, तू जंगलात वाढलास, पाण्याला कधी भ्याला नाहीस. आणि मला राहवलं नाही. मी त्यांना भोपळ्याची गोष्ट सांगितली. काठावर पाय आपटून कसा रडायचास, पाठीवर भोपळा बांधल्याशिवाय घोट्याएवढ्या पाण्यात उतरायचा नाहीस, आणि एकदा भोपळा सुटला तेव्हा गुडघाभर पाण्यात 'बुडालो, बुडालो' म्हणून कसा ओरडलास. ते हसले. मी जास्त हसले. हसता हसता तुझ्याकडे पाहिलं आणि तरी थांबले नाही. जागेला नाही म्हटलं ते त्यानंतर, हसतच.

चुकलं असं मी म्हणत नाही. गोष्ट चांगली आहे आणि मी चांगली सांगते. पण लांबली.

म्हणून म्हणते, वरचा माळ घे. लाव तुझ्या त्या कापडी टोप्या माझ्या दारात. सात तंबू आरामात बसतील, आंब्याच्या... बाई, हे खोडून टाक. खोड म्हणते ना! मी असं बोललेच नाही. पाहुणे माझ्या अंगणात दात घासणार आणि सूर्याला टाळ्या वाजवणार, मला नाही चालायचं. खोडलंस?

ती म्हणते, खोडलं. मला काय कळणार, रेघ वरून मारली की खालून.

जीपवाला हॉर्न देतो आहे.

आजी


बुधवार, २ एप्रिल

भोपळ्या,

अक्षर वेगळं आहे ते बघून घाबरू नकोस. मास्तरीण माझ्या कोंबड्या सांभाळते आहे. हे लिहिते आहे ती सिस्टर. मी सध्या तालुक्याच्या दवाखान्यात जरा आराम करायला आले आहे. इथे पलंग चांगला आहे, पंखा आहे, दोन वेळा कुणीतरी विचारतं कसं वाटतं. पाय थोडा मुरगळला, बाकी काही नाही.

सिस्टर पेन ठेवून बसली. म्हणते, खोटं लिहिणार नाही. मास्तरीण बरी होती, शिव्याच तेवढ्या गाळायची. बरं, लिही बाई. मांडीचं हाड मोडलं आहे. आत लोखंडी पट्टी घातली आहे. तीन महिने वाकायचं नाही. झालं समाधान?

तुझ्या शिट्टीवाल्याने तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. म्हणून मी सांगते.

मी खोडायला सांगितलेलं ते माळाचं तू वाचलंस. म्हणजे मास्तरणीने रेघ खालून मारली होती. कारण तेवीस तारखेच्या सकाळी शिट्टीवाला फीत घेऊन माझ्या दारात उभा. "सरांनी वरची जागा मोजून यायला सांगितलं आहे." मी आधी त्याला झापलं, की सरांना पाय नाहीत का, फीत कसली पाठवतात. मग फितीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघं वर मोजत होतो, म्हणजे खाली पाण्याकडे बघणारं कुणी नव्हतं. हे माझंही आहे, तुझंही आहे. अर्धं अर्धं घेऊ.

ऊन छान पडलं होतं. मी सहज खाली पाहिलं तर गवताची हिरवी पट्टी आखूड दिसली. मला आधी वाटलं डोळे. मग पाहिलं, पहिल्या तंबूची दोरी पाण्यात होती.

मी शिट्टीवाल्याला म्हटलं, "वाजव."

त्याने वाजवली. सलग, गाल फुगवून, डोळे बाहेर येईपर्यंत. आणि खालून काय आवाज आला माहीत आहे? "पाच मिनिटं!" दुसऱ्या तंबूतून, "माझा बिनसाखरेचा!" दाढीवाला पेला घेऊन बाहेर आला, आमच्याकडे बघून हात हलवला आणि पेला घेऊन परत आत गेला.

मी उतरले. कशी उतरले ते विचारू नकोस, सहा वर्षांत इतक्या वेगाने मी फक्त बोलले आहे. ताटली वाजवली, ओरडले. कानात बोंडंवाली झोपलेली, तिच्या नदीत लाटा जास्त. दोघे म्हणाले, "आजी, सरांनी सांगितलंय तुम्ही येऊ नका." पाणी माझ्या घोट्याला लागलं होतं आणि त्या शहाण्यांना माझा अर्ज आठवत होता.

मग मी बोलणं सोडलं. माणसाला बोलून कळत नसलं की त्याचं छप्पर पाडावं. मी खुंट्या उपटायला लागले. माझ्याच होत्या, मला त्यांची पकड माहीत आहे. एक खुंटी, तंबू अर्धा खाली. दुसरी खुंटी, तंबू पूर्ण खाली, आत चार पाय आणि आरडाओरडा. सात तंबू पाडले मी, एका दमात. एकेक जण बाहेर येत होता ते मला मारायलाच. पाण्यात पाय पडला की तोंड उघडं तसंच राहायचं. मग मी वर हात दाखवायची आणि ते पळायचे. काठ्या नाहीत, काळे चष्मे नाहीत. सहा तासांची चाल करणारी माणसं माझ्या माळावर अशी चढली की कोंबड्या छपरावर गेल्या.

चौदा मोजले. सगळे वर. आणि तुझा शिट्टीवाला खाली! शेगडी आणायला परत गेला. शेगडी! म्हणे सरांनी नवी घेतली होती. कमरेएवढं पाणी, गाळात पाय रुतलेला, हातात शेगडी, तोंडात शिट्टी. वाजवत होता बिचारा, आणि वर सगळे त्याच्याकडे बघत उभे. मी फीत टाकली, ती तुटली. मग तंबूची दोरी टाकली आणि झाडाला वेढा देऊन ओढलं. तो आला. शेवटच्या हिसक्याला मी आपटले आणि मांडी गेली. शेगडीही गेली, तिचं मला वाईट वाटत नाही.

त्याला एवढं बोलू नकोस. त्याचं खरं नाव मी आता ठेवून घेतलं आहे.

दवाखान्यात मला कशावर आणलं माहीत आहे? दाढीवाल्याच्या त्या दुमडत्या पलंगावर. सगळं वाहून गेलं, तेवढा एक तो वर घेऊन पळाला होता. जीपची वाट पाण्याखाली गेली होती, म्हणून चौघांनी चार कोपरे धरले, दोन तास जंगलाच्या वाटेने, रस्त्यापर्यंत. बोंडंवाली बाजूने चालत होती, माझ्या डोळ्यांवर टोपीची सावली धरून. वाटेत ती रडली. मी म्हटलं, "अजून सुळका आला नाही बाई, एवढ्यात कशाला?" त्या पलंगाबद्दल मी जे बोलले ते सगळं मागे घेते. पाहुण्यांबद्दलचं घेत नाही.

तंबू पाडले म्हणून दोघांनी तुझ्याकडे तक्रार केली असं कळलं. त्यांना सांग, चौकोनात अंगठा द्या.

परवा इथल्या फोनवर कुणाचा तरी फोन आला. आजी कशा आहेत, खातात का, विचारलं. सिस्टरने नाव विचारलं तर ठेवून दिला. सिस्टर म्हणते, आवाज पुरुषाचा होता. मी म्हटलं, असेल कुणी विसरभोळा, नाव विसरला असेल.

आता ऐक. माळ घे. खोडलेलं नाही, सिस्टर रेघ मारतच नाही. सूर्याला टाळ्या कोंबड्या सोडल्यानंतरच वाजवायच्या, आणि झाडू देऊन कुणी माझा फोटो काढायचा नाही. भोंगा पुन्हा सुरू करायला ऑफिसात तू स्वतः जा. पाहुण्यांची झोप मोडली तर मोडू दे, मी मोडली तेव्हा कुणी मेलं नाही.

आणि खुंट्या. गडबडीत एकच माझ्या हातात राहिली, कमरेला खोचून आणली, ती इथे उशीखाली आहे. मोजली. नऊ खाचा. बाकीच्या सोळा गेल्या. पाणी पुन्हा मागे हटेल तेव्हा ठोकायला हव्यात आणि मला तीन महिने वाकायचं नाही. मास्तरणीच्या हाताला फक्त छडी बसते, सुरी बसत नाही. शिट्टीवाला खाचा मोजताना चुकतो, मी पाहिलं आहे. म्हणजे आता कुणी राहिलं नाही. मी काही सुचवत नाही, आपली अडचण सांगितली.

इथलं जेवण पातळ आहे. ताटात काय आहे ते विचारावं लागतं. तुझी पाकिटं, विटा, वाळके तुकडे काही पाठवू नकोस, सिस्टरच्या घरी कोंबडी नाही. एक भोपळा पाठव. लाल, अख्खा, चांगला जाड सालीचा, दोन हातांत मावणार नाही एवढा. कापलेला चालायचा नाही. कुणाच्या हाती देऊ नकोस, आणि जीपच्या मागे टाकू नकोस, वळणावर गडगडतो आणि फुटतो. मांडीवर घे, दोन्ही हातांनी धर आणि तसाच इथपर्यंत घेऊन ये.

आजी